हलकं बॉनेट

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मंडळात त्यांना सगळे चुंबककाका म्हणत, आणि तोंडावर म्हणत. काकांच्या खिशात कायम एक लहानसं लोहचुंबक असायचं. कुणी नव्याने रंगवलेली जुनी गाडी मिरवत आणली, की काका कौतुक करता करता ते हळूच तिच्या मडगार्डला लावायचे. चिकटलं तर मान डोलवायचे. घसरून पडलं, तर मालकाकडे बघून एवढंच म्हणायचे, "फायबर का? छान, छान." या दोन 'छान'नी भल्याभल्यांच्या रविवारच्या सकाळी नासवल्या होत्या.

त्यामुळे खुद्द काकांच्या गाडीचं बॉनेट गंजून पुढच्या कडेला चाळणी झालं, तेव्हा मंडळात कुणाला फार वाईट वाटलं असेल असं नाही.

डेंटरने बॉनेट उलटं करून दाखवलं. बोट लावावं तिथे आरपार. जोडकाम करण्यात अर्थ नाही, नवीनच बसवा, असं तो म्हणाला. एक तर पत्र्याचं मिळत होतं, जुन्यापेक्षा जाड आणि चांगलंच जड. नाहीतर फायबरचं. त्याला गंजायची भीती नाही, उचलायला हलकं, पण कडा घासून घासून बसवावं लागणार, आणि वर टिचकी मारली तर प्लास्टिकच्या बादलीसारखा आवाज येणार. डेंटरने आपलं विचारायचं म्हणून विचारलं होतं. काका "सांगतो विचार करून" म्हणाले तेव्हा तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

विचार करण्यासारखं होतं ते असं. गाडी काकांची असली तरी चालवायच्या काकू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना स्टिअरिंगपासून लांब राहायला सांगितलं होतं. खरं म्हणजे त्याआधीही काकूच बऱ्या चालवायच्या, पण तो विषय घरात कुणी काढत नसे. दर रविवारी दुपारी काकू टेकडीपलीकडे ताईंकडे, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जायच्या. गाडीचा स्वभाव तापट. रेडिएटर नवा टाकला, पंप बदलला, तरी चढ लागला की बाईसाहेबांचं डोकं फिरणारच. मग अर्ध्या चढावर झाडाखाली थांबायचं, तिला निवू द्यायचं, बॉनेट उघडून पाणी घालायचं आणि पुढे निघायचं. काकू हे सगळं एकट्या करायच्या.

मग त्यांचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. एका रविवारी त्या चढावर बराच वेळ तशाच ताटकळत उभ्या राहिल्या, शेवटी एका जाणाऱ्या टेम्पोवाल्याने उतरून बॉनेट उचलून दिलं. तेव्हापासून काका बरोबर जाऊ लागले. हुद्दा म्हणाल तर बॉनेट उचलणारा.

आणि काकांना ही नोकरी भलतीच मानवली. आठवडाभर घरात दोघं आपापल्या कामात. बोलणं व्हायचं ते नळ गळतोय, दिवा गेलाय एवढंच. चढावर मात्र बॉनेट वर करून काका ते धरून उभे, काकू पाणी ओततायत, आणि गाडी निवेपर्यंत दोघांना दुसरं काहीच काम नाही. काकू मग काहीबाही सांगायच्या. लहानपणचं, शाळेतलं, कधी नुसतं समोरच्या झाडाबद्दल. त्या थोड्या वेळासाठी काका सोमवारपासून रविवारची वाट बघायचे.

पण मागच्या रविवारी एक गोष्ट घडली. ताईंच्या घरी काका हात धुवायला आत गेले आणि मागे दोघी बहिणी हसल्या. अगदी पोट धरून, श्वास घेता येऊ नये अशा. काकांनी नळ बंद केला आणि ऐकत राहिले. काकूंचं हे हसणं त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. ते बाहेर आले तशा दोघी सावरून बसल्या, आणि ताईंनी विचारलं, "चहा टाकू का?" काकांच्या लख्ख लक्षात आलं. गेले कित्येक रविवार ते दोघींच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते, आणि त्यांच्यासमोर दोघी पाहुण्यांसारखं बोलत होत्या.

म्हणजे पत्र्याचं बॉनेट आलं, तर मंडळात मान ताठ आणि रविवारची ती जागाही पक्की. फायबरचं आलं, तर दोन्ही गेलं. काकू तर घरी बजावून बसल्या होत्या, की पत्राच घ्या, तुमच्या नाकाचा प्रश्न आहे, माझं काय, तुम्ही येताच की बरोबर.

काका त्यांना घेऊन डेंटरकडे गेले. म्हणाले, दोन्ही उचलून बघ. पत्र्याचं बॉनेट काकूंनी एका बाजूने जेमतेम हलवलं आणि ओठ घट्ट मिटले. फायबरचं त्यांनी डाव्या हाताने उचललं, खाली ठेवलं, आणि उगाचच पुन्हा उचललं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघून काकांना आनंद झाला, आणि आपली रविवारची नोकरी गेली हेही कळलं.

"फायबर बसव," काका डेंटरला म्हणाले.

"अहो, आणि तुमचं मंडळ?" काकूंनी विचारलं.

"मंडळ येतंय का चढावर पाणी घालायला?"

बसवताना पहिल्याच दिवशी फजिती झाली. बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा जड पत्र्याच्या मापाच्या. हलकं बॉनेट त्या खाली राहू देईनात; दाबून बसवलं की मध्येच फुगून वर यायचं. शेवटी डेंटरने स्प्रिंगा काढूनच टाकल्या आणि टेकूला साधी दांडी लावून दिली. मंडळात काकांनी कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगून टाकलं. चारी बाजूंनी 'छान, छान' आले आणि काकांनी ते हसत झेलले. तेवढे त्यांना यायचेच होते.

पुढच्या रविवारी काकू एकट्या गेल्या. काकांनी घरात गळणारा नळ दुरुस्त केला. त्याच्या पुढच्या रविवारीही त्या एकट्याच गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा गुणगुणत होत्या, आणि काकांना आपण बरोबर केलं याचं खरोखर समाधान वाटलं. फक्त दुपार फार मोठी झाली होती.

त्यानंतरच्या रविवारी काकूंनी गाडी बाहेर काढली. काका फाटक लावायला उभे होते. गाडी पुढे जाईना. काकूंनी आतून हात लांब करून पलीकडचं दार उघडलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी कशाला? बॉनेट तर आता तूच उचलतेस."

"उचलते की. आजही मीच उचलणार." काकूंनी शेजारच्या सीटवरची पिशवी मागे टाकली. "ताईकडे पोचलो की तुम्ही कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाऊन बसा तासभर. पण चढावर मला एकटीला करमत नाही. दोन्ही वेळा गाडी निवेपर्यंत नुसती उभी होते. बोलायचं कुणाशी?"

काकांनी फाटक तसंच उघडं टाकलं आणि गाडीत जाऊन बसले. काकूंनी त्यांना खाली उतरवून ते लावून यायला लावलं.