सात पाण्यांचं पिल्लू

"झोंबू दे गो. खारं पाणी झोंबतं ते बरं करायलाच झोंबतं."

आईचा हा आवाज शहरबानूनं नवव्या वर्षी ऐकला होता. बाणकोटच्या खाडीत कालवं काढताना शिंपल्यानं तिच्या पायाचा तळवा चिरला, तेव्हा आईनं तिला काखेत दाबून धरलं आणि तो पाय तसाच भरतीच्या पाण्यात बुडवला. पोर किंचाळत होती आणि आई जात्यावरच्या ओवीसारखं ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. आठ दिवसांत जखम सुकली. आई पुढं मातीआड गेली, पण वाक्य राहिलं. कुणाला काही लागलं, खुपलं, की शहरबानूचा हात आपसूक मिठाच्या बरणीकडं जायचा.

आता ती बाणकोटपासून समुद्राच्या पार दुसऱ्या टोकाला होती. कुवेत शहरात, बनेद अल-गारमध्ये, एका इंग्रज इंजिनियरच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत. साल सत्तावन्न. तिचा नवरा झहूर त्या बंगल्यात खानसामा होता. सात वर्षं त्यानं एकट्यानं काढली, मधे एकदाच रजेवर गावी आला, मग साहेबांच्या धाकट्या मुलाकडं बघायला आया हवी म्हणून तिला बोलावून घेतलं. "एक वरीस गो," म्हणाला होता. त्या एका वर्षाची आता तीन वर्षं झाली होती. चार वर्षांची शरीफा गावी धाकट्या बहिणीच्या, बिल्कीसच्या, ओटीत घालून ती बोटीत बसली होती. ती पोर आता सात वर्षांची झाली असेल. असेल, एवढंच म्हणायचं. पाहिलं कुणी?

साहेबांचा मुलगा मागच्या सालीच विलायतेला शाळेत गेला. त्याच्या जागी, तसंच म्हणा, कुत्र्याचं एक पिल्लू आलं. तपकिरी, लोंबत्या कानांचं. मेमसाहेबांनी त्याचं नाव टोबी ठेवलं आणि चार दिवस त्याला मांडीवर घेतलं. पाचव्या दिवशी गालिचा ओला झाला. मग टोबी मागच्या अंगणात आलं, शहरबानूच्या हवाली. तिच्या तोंडात त्याचं तोबा झालं.

"चांगलं नाव ठेवलंस," झहूर म्हणाला. "दिसलं की तेच म्हणावंसं वाटतं."

खरी पंचाईत पुढंच होती. ही दोघं पडली शाफई पंथाची मुसलमान. कुत्र्याची लाळ लागली, ओलं अंग लागलं, की ती जागा सात वेळा धुवायची, त्यातल्या एका पाण्यात माती. पिल्लाला ते कोण सांगणार? ते उंबऱ्यावर यायचं, पायरीवर यायचं, नमाजच्या चटईकडं नाक करून उभं राहायचं. शहरबानूनं आपल्या डोक्यानं तोड काढली. दर वेळी पायरी धुण्यापेक्षा पिल्लाचे पायच धुऊन काढावेत. गोडं पाणी टँकरनं यायचं, मोजून वापरायचं. पण अंगणात झाडांसाठी खाऱ्या पाण्याचा नळ होता, आणि वाळूला तर कुवेतमध्ये काय तोटा? मग दिवसातून तीन-चारदा पिल्लू काखेत, पाय नळाखाली, एक, दोन, तीन, चौथ्याला मूठभर वाळू घेऊन खसाखसा, पाच, सहा, सात.

महिन्याभरात पिल्लू पाय चावायला लागलं.

आधी नुसतं चाटायचं. मग बोटांच्या बेचक्यात दात घालून कुरतडायचं. चप, चप, चप. दुपारी सगळं जग उन्हानं गप्प व्हायचं तेव्हा तेवढा एक आवाज अंगणात चालू असायचा. केस गळाले, कातडी लाल झाली, मग ओलसर झाली. शहरबानूला वाटलं, जखम झाली. जखमेला औषध ठाऊक होतं. आता ती पाण्यात मूठभर मीठही घालायला लागली. पिल्लू कळवळायचं, आणि ती म्हणायची, "झोंबू दे रे तोबा, बरं करायलाच झोंबतं."

त्याच सुमारास बिल्कीसचं पत्र आलं. मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. झहूरनं वाचून दाखवलं. आंबा यंदा बरा आहे, छपराची कौलं बदलली, आणि शेवटी: 'शरीफा आता मलाच आई म्हणते. मी नको म्हणते तर रडते. तू वाईट वाटून घेऊ नको.'

शहरबानूनं वाईट वाटून घेतलं नाही. ती नुसती उठली, भांडी घासायला बसली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. मग म्हणाली, "ऐकताव? मला जायचंय. मेमसाहेबांना विचारा. आज विचारा."

तिला स्वतःला विचारता येत नव्हतं. तिच्याजवळ 'येस मेमसाब' आणि 'नो मेमसाब' एवढे दोनच शब्द होते. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. साहेबांची चिठ्ठी असल्याशिवाय बोटीत पाऊल टाकता येत नव्हतं. तिचं बोलणं झहूरच्या तोंडून जायचं आणि उत्तर झहूरच्याच तोंडून यायचं.

झहूर चहाचा ट्रे घेऊन आत गेला. बऱ्याच वेळानं आला. कांदा चिरायला घेतला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पिल्लाचे पाय बरे झाले की जा."

"एवढंच?"

"एवढंच. तुझ्याशिवाय ते कुणाला जवळ येऊ देत नाही ना." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "फार उग्र कांदा आहे गो."

तिनं पिल्लाकडं बघितलं. चार पाय. त्या चार पायांवर तिचं गाव उभं होतं.

त्या दिवसापासून ती हात धुऊन त्या पायांच्या मागं लागली. हळद लावली, पिल्लानं चाटून जीभ पिवळी करून घेतली. चिंध्या बांधल्या, त्यानं सोडल्या. मेमसाहेबांचे जुने मोजे घातले. तासाभरानं एक मोजा झाडाखाली आणि एक पोटात. बाजारातून काळा बोळ मागवला. शरीफाला अंगावरून तोडताना हाच कडू बोळ तिनं छातीला लावला होता. पोरीनं तोंड लावलं, तोंड वाकडं केलं आणि आईकडं अशा नजरेनं बघितलं, की आईनंच फसवलं. पिल्लानंही अगदी तसंच बघितलं. बोळाची वाटी तिनं भिंतीवर ठेवून दिली, पुन्हा काढली नाही.

एक गोष्ट मात्र ती न चुकता करत राहिली. सात पाणी आणि मूठभर मीठ.

अंगणाला पुरुषभर उंच भिंत होती. पलीकडं रस्ता, रस्त्यापलीकडं समुद्र. दिसायचा नाही, नुसता वास यायचा. फाटकाला कडी. बाईमाणसानं एकटीनं बाहेर जायचं नाही, हे झहूरनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि जायचं म्हटलं तरी कुठं? सकाळी भिंतीची सावली एका बाजूला पडायची, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला. मधल्या उन्हात ती आणि पिल्लू सावलीबरोबर सरकायची. धुळीचं वादळ सुटलं की आकाश, भिंत, जमीन सगळं एका मातीचं व्हायचं, आणि दारं लावून घेतलेल्या खोलीत ती बसायची. उंबऱ्याशी पिल्लू. चप, चप, चप. मग तिच्या ओठांवर काहीतरी यायचं, आईच्या चालीवरचं, पण शब्द तिचे:

*भरतीला गं ओहोटी, होडीला गं काठ,*
*माझ्याच पावलांना दिसंना गावची वाट.*

पिल्लू कान टवकारून ऐकायचं, आणि ओवी संपली की पुन्हा पाय तोंडात धरायचं.

रोज संध्याकाळी ती विचारायची, "आज बरे दिसतात ना?" झहूर वाकून बघायचा. "अजून नाही." त्यात खोटं काही नव्हतं. पाय खरंच बरे होत नव्हते.

पाण्याच्या टँकरवर महबूब म्हणून श्रीवर्धनचा गडी होता. आठवड्यातून दोनदा तो नळी खांद्यावर घेऊन यायचा आणि टाकी भरेपर्यंत गावच्या भाषेत तोंड मोकळं करून घ्यायचा. एका सकाळी तो आला तेव्हा शहरबानू नळाशी बसली होती. पिल्लू काखेत, वाळूचा हात चालू.

महबूब बघतच राहिला. "भाभी, काय चाललंय?"

"चौथं पाणी."

"कुत्र्याला?"

"मग कुणाला, तुला? सात पाण्यांशिवाय पाक होईल काय?"

महबूबला असं हसू फुटलं, की खांद्यावरची नळी घसरली. "अगो भाभी, सात पाणी भांड्याला! आपल्या हाताला! कुत्रा धुऊन कधी कुत्रा पाक झालाय? सातशे पाण्यांनी धू, कुत्रा तो कुत्राच." मग तो पायरीशी बसला, पिल्लाचा पंजा उलटा करून बघितला आणि त्याचं हसू उतरलं. त्यानं ओल्या केसांवर बोट फिरवून जिभेला लावल्यासारखं केलं आणि लगेच मागं घेतलं. "मीठ घातलंस?"

"जखमेला."

"जखम कशानं झाली?"

तिनं मुठीतली वाळू खाली सोडली.

"खारं पाणी, वर मीठ, वर वाळूनं घासणं, वर हे ऊन. आमची बाय बोंबील असेच करते. सुकट करून गावी पाठवतेस काय त्याला?"

खाडीचं पाणी एकदा लावायचं असतं. तिनं दिवसातून चार वेळा, तीन महिने लावलं होतं. आणि खाडीकाठी पाय धुतल्यावर मऊ चिखल होता, झाडाची सावली होती, हवेत ओल होती. इथं पाणी वाळायचं आणि खार बेचक्यात बसून राहायचा. पिल्लू आपलं औषध आपणच चावून काढत होतं, बिचारं. आणि ती रोज नव्यानं लावत होती. आपल्या हातानं ती आपल्याच वाटेवर वाळू ओतत होती.

महबूब गेल्यावर तिनं नळ बंद केला. आपल्या हंड्यातलं गोडं पाणी घेतलं, एकदाच, हलक्या हातानं पाय धुतले, पदरानं बोटाबोटांतून टिपले. गावाहून आणलेल्या खोबरेल तेलाची बाटली तळाशी आली होती, तीच लावली. पिल्लानं एकदा तिचा हात चाटला. तिनं तो झटकला नाही. हाताला सात पाणी देऊन झाली, मग ती थोडा वेळ तोंड दाबून रडली.

संध्याकाळी तिनं झहूरला सगळं सांगून टाकलं. "मीच करत होते. माझ्याच अकलेनं. मेमसाहेबांना सांगायचं तर सांगा."

झहूरनं तिच्याकडं बघितलं नाही. "नको. कशाला सांगायचं? माणसाच्या हातून होतं." मग म्हणाला, "माणूस वाईट म्हणून थोडंच करतं."

तिला त्याचं फार बरं वाटलं.

आता पिल्लासाठी उंबऱ्याबाहेर एक गोणपाट आलं, नमाजचे कपडे ट्रंकेत वेगळे गेले आणि पायरी धुवायची ती पायरीच धुतली जाऊ लागली. आठ दिवसांत चावणं उणावलं. पंधराव्या दिवशी लाली गेली. तीन आठवड्यांनी बोटांच्या बेचक्यांत बारीक लव आली, कोवळ्या भातासारखी. ती रोज मोजल्यासारखी बघायची. दुपारी आवाज नाही. अंगण खरंच गप्प.

"बघा," ती म्हणाली.

झहूर वाकला. चारही पंजे उलटेपालटे केले. पुन्हा केले. "हा मागचा डावा. अजून जरा लाल आहे."

"ती त्याची कातडीच तशी आहे."

"चार दिवस थांब."

ती चार दिवस थांबली. मग त्याला उजव्या पायाचं नख बरं दिसेना. मग म्हणाला, मेमसाहेबांचं डोकं दुखतंय, आत्ता नको. तो पंजा हातात घेऊन बघायचा तेव्हा तिला काहीतरी खुपायचं. त्याची नजर बरं झालेलं शोधत नव्हती. ती जखम शोधत होती, आणि सापडली नाही की हात सैल पडायचे.

मग एका जुम्याला, दुपारच्या नमाजनंतर, तिनं केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसली, पिल्लाला जुन्या टॉवेलात गुंडाळून उचललं आणि बंगल्याच्या मागच्या दाराकडं निघाली. तीन वर्षांत त्या पायऱ्या ती बोलावल्याशिवाय चढली नव्हती.

झहूर स्वयंपाकघरातून बाहेर आला. हाताला पीठ. "कुठं?"

"वर. पाय दाखवते. बोलता येत नाही तर येऊ दे. पाय दाखवायला इंग्रजी कशाला हवी? पाय दाखवीन, समुद्राकडं बोट दाखवीन. त्यांचंही पोर लांब आहे, कळेल त्यांना."

"मी विचारतो उद्या."

"तुमचा उद्या फार लांबचा असतो. सरा."

तो सरला नाही. पायरीवर आडवा उभा राहिला.

"वर जाऊ नको बानू."

"का?"

"त्यांना काही कळायचं नाही. पाय बघून त्या चक्रावतील."

"का चक्रावतील? त्यांनीच तर सांगितलं."

झहूर खाली बसला. तिथंच, पायरीवर, पिठाचे हात मांडीवर ठेवून. तो तिच्याकडं बघत नव्हता, टॉवेलातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पंजाकडं बघत होता.

"सात वर्षं मी त्या खोलीत एकटा होतो गो. बारा माणसांचं रांधायचो आणि माझं ताट भिंतीसमोर घेऊन बसायचो. तू आलीस आणि पहिल्या रात्री विचारलंस, जेवलाव? मला घास गिळेना. त्या दिवशी मी चहा घेऊन आत गेलो, विचारलं. खरंच विचारलं. बाहेर येताना कांद्याची टोपली दिसली, तू वाट बघत उभी दिसलीस, आणि माझ्या तोंडून दुसरंच गेलं. मग मी परत आत जाऊन त्यांना सांगितलं, की तुलाच आत्ता जायचं नाही."

शहरबानूच्या काखेत पिल्लू चुळबुळलं. तिनं ते घट्ट धरलं.

"काय म्हणाल्या होत्या मेमसाहेब?" तिनं विचारलं. "नीट सांगा."

"म्हणाल्या, पोरीची आई आहे, तिला पहिल्या बोटीनं पाठव. साहेबांनी तिथंच चिठ्ठी लिहून दिली, ती अजून माझ्याजवळ आहे. पायांचं त्या काही बोलल्याच नव्हत्या बानू. ती अट माझी होती."