हनुवटीचा व्हिडिओ

दुपारी पार्लरमध्ये मला कायम अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. पंखा संथ फिरतो, दोरा दातात, बोटं आपली आपण चालतात, समोरचा चेहरा धूसर होत जातो. अशाच एका दुपारी मी गाढवपणा केला.

एक चष्मेवाली पोरगी दर मंगळवारी हनुवटीवरचे केस काढायला यायची. शाळेत होती तेव्हापासून. आता लायब्ररीत कामाला आहे. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. पार्लरवालीने तोंड उघडलं की गिऱ्हाईक पळतं, ही माझ्या सासूची शिकवण.

लेक म्हणाली, आई, इन्स्टावर कामाचे व्हिडिओ टाक. टाकला. नुसती हनुवटी, नुसता दोरा. डोळे मिटून पडलेल्या त्या पोरीला विचारलंसुद्धा नाही. हनुवटीवरून कोण कुणाला ओळखतंय, म्हटलं.

दोन दिवसांत फोनला उसंत नाही. माझ्या हाताचं कौतुक राहिलं बाजूला, बाया खाली कमेंटमध्ये आपापलं सांगत सुटल्या. मलाही आहेत. माझी पाळी चार-चार महिने येत नाही. मला वाटायचं, मी एकटीच. एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, हे हार्मोन्समुळे असू शकतं, नुसते केस काढत बसू नका, तपासून घ्या. वाचता वाचता वाटलं, त्या सगळ्या जणी माझ्या एवढ्याशा खोलीत हळूच येऊन बसल्यात, आणि कुणालाच जायची घाई नाही.

मंगळवारी चष्मेवाली आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गुरुवारी दारात उभी.

"व्हिडिओत हनुवटीवर दिसतो ना, तो तीळ माझा आहे, काकू."

मी फोन हातात घेतला. "चुकलं गं माझं. आत्ता काढून टाकते."

"दोन दिवस रडले. मग खालचं सगळं वाचून काढलं. आता राहू दे तो." ती खुर्चीत टेकली. "पाच महिने पाळी नाही. उद्या डॉक्टरकडे जायचंय. आईला सांगायची हिंमत नाही. तुम्ही याल?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, केस कधीपासून? ती आठवत बसली. मीच म्हणाले, "नववीत होती. आधी डावीकडे चार-पाच, मग गळ्यापर्यंत. कॉलेजात गेल्यावर दाट झाले."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "तुम्हाला एवढं माहीत होतं? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

चष्मेवालीही माझ्याकडे बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण उत्तराची वाट बघत राहिली.