कोपऱ्यापर्यंतचा आवाज

मी एक जुनी डिझेल मोटार आहे. जुनी हे मी म्हणायचं. तुम्ही म्हणालात तर मला खपणार नाही. मित्रांनो, आज मला बघाल तर अंगावर नवी फायबरची कातडी, डिकीत बॅटऱ्या आणि पोटात एक विजेची मोटर. पण काळीज तेच, कारखान्यात बसवलेलं. त्या काळजाचा आवाज काय सांगू! सकाळी मी सुरू झाले की गल्लीतली तान्ही मुलं जागी व्हायची आणि त्यांच्या आया मला शिव्या घालायच्या. घालोत बापड्या. बिनआवाजाची मोटार म्हणजे मीठ विसरलेलं सांबार.

चेन्नईत वेलचेरीला सुंदरच्या घरी मी आले. तंजावरकडची मराठी माणसं. घरात सुंदरची म्हातारी आई हेमावती, बायको विमला आणि लेक हरिणी. हुकूम मात्र एकट्या हेमावतीचा. मला ओवाळताना ती म्हणाली, "आलीस का गे? आता माझ्या लेकाला वेळेवर घरी आणत जा."

ते मी केलं. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावरून मी आत वळले की ती स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायची, "विमले, तवा ठेव. आला."

दोन हजार चार सालच्या डिसेंबरातल्या एका रविवारी सुंदर मला मरीना किनाऱ्यावर घेऊन गेला. दर रविवारी जायचा. मला रस्त्याच्या कडेला उभी केली आणि अनवाणी वाळूत चालायला गेला. मग समुद्र उठला. माझ्या चाकांपर्यंत आला, दाराशी थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला. सुंदर परत आला नाही. मित्रांनो, मी सगळं पाहिलं. मोटारीला हॉर्न असतो, पण तो कुणीतरी दाबावा लागतो.

किती शोधलं, पण देह सापडला नाही. नातेवाइकांनी क्रियाकर्माचं नाव काढलं तेव्हा हेमावती कडाडली, "हाताला काही लागलं नाही, मग क्रिया कुणाची करता? समुद्राची? माझा लेक बाहेर गेलाय. येईल." झालं. विमलेनं कुंकू लावायचं, रडायचं नाही. शेजारणींना कळेना, तिला हळदीकुंकवाला बोलवावं की चुकवावं. आणि माझ्यावर ताडपत्री घातली. त्या अंधारात मी वर्षं काढली. उंदरांनी माझ्या गाद्या खाल्ल्या, पण हेमावतीनं मला विकू दिलं नाही.

हरिणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेली. तिच्या मित्रांना कॉलेजांच्या स्पर्धेसाठी एक गाडी करायची होती. तळून उरलेल्या तेलापासून केलेल्या डिझेलवर चालायची, सोबत विजेची मोटर, पळायची जोरात आणि तेल प्यायची थेंबभर. त्यासाठी हरिणीनं मला मागितलं. तिच्याबरोबर तरुण नावाचा उंच, लाजरा मुलगा आला होता.

"हा खोलणार तिला?" हेमावती म्हणाली. "ह्याला स्वतःच्या शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत."

तरुणनं खाली पाहिलं. बटण खरंच चुकलं होतं.

"आजी, अप्पांची गाडी पुन्हा चालेल," हरिणी म्हणाली.

त्या एका वाक्यावर म्हातारीनं माझ्या ताडपत्रीचं टोक उचललं. मग म्हणाली, "न्या. पण तिचा आवाज बदलायचा नाही. तो ज्या आवाजानं यायचा, त्याच आवाजानं घरी आला पाहिजे."

पोरांनी कबूल केलं आणि माझं इंजिन तसंच ठेवलं. हॉटेलांतून वड्या-भज्यांचं जळकं तेल आणायचे, गाळायचे, त्यात स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचे. खाली काळा चिकट गाळ बसे, वर पिवळं डिझेल राही. माझ्या धुराला वड्याचा वास येऊ लागला. हेमावती नाक मुरडून म्हणाली, "ही मोटार आहे की उडपी हॉटेल?" पण पेरुंगुडीकडच्या मोठ्या रस्त्यावर मी नव्या कोऱ्या गाड्यांना मागं टाकलं, तेव्हा पोरांनी मला मिठ्या मारल्या. खोटं कशाला बोलू, सुखावले.

मग हरिणी चाचणीसाठी रोज संध्याकाळी मला घरी आणू लागली, आणि तिथं घोळ झाला. तेल वाचावं म्हणून पोरांनी अशी योजना केली होती की चाल मंदावली की इंजिन आपोआप बंद व्हावं आणि विजेवर गाडी चालावी. मोठ्या रस्त्यावर माझा आवाज घुमायचा. गल्लीच्या कोपऱ्यावर मी वळले की तो तुटायचा. मग सावलीसारखी सरकत मी फाटकाशी यायचे. त्या शांततेत मला समुद्र ऐकू यायचा. बाजूलाच, दाराला लागून.

पहिल्या दिवशी हेमावती फाटकात उभी होती. हरिणी उतरली तरी म्हातारी तिच्या मागं बघत राहिली.

"कुठं राहिला?"

"कोण, आजी?"

"तुझा अप्पा. कोपऱ्यापर्यंत आला होता की. मी ऐकलं."

दुसऱ्या दिवशी तेच. आत विमलेनं, कुणी न सांगता, तवा ठेवला होता. तो तसाच तापत राहिला. हरिणीनं तरुणला विचारलं, गल्लीत इंजिन चालू ठेवता येईल का. तो म्हणाला, "येईल. पण मग आवाज फाटकापर्यंत येईल आणि उतरशील तूच. ते बरं का?" हरिणीनं योजना होती तशीच ठेवली.

पुढच्या एका संध्याकाळी हेमावती फाटकात थांबलीच नाही. कोपऱ्यावर हरवणाऱ्या लेकाला कोपऱ्यावरच धरायचं, असं ठरवून ती निघाली. दिवे अजून लागले नव्हते. मी वळले, इंजिन बंद झालं, आणि गल्लीच्या मधोमध ती उभी! माझ्याकडे तिची पाठ, लेक पुढं गेला का ते बघत. तिला मी ऐकूच येत नव्हते. ज्या माझ्या आवाजानं गल्ली उठायची, त्या माझ्या तोंडून श्वासही निघेना. हरिणीनं ब्रेक दाबला. माझं नाक तिच्या लुगड्याला लागलं आणि मी थांबले.

म्हातारी वळली. तिनं माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"गरम आहे," ती पुटपुटली. "म्हणजे आत्ताच होता. कुठं गेला गे?"

हरिणी धावत उतरली. "आजी, मीच होते. रोज मीच असते. अप्पा समुद्रात गेले, आजी."

त्या घरात हे वाक्य इतक्या वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. हेमावतीचा हात माझ्यावरच होता. बॉनेटखालचं माझं लोखंड निवत गेलं आणि तिनं ते हाताखाली निवू दिलं. मग ती दार उघडून आत बसली. "चल घरी. आणि हळू चालव. तुझ्या बापासारखी घाई नको."

घरी येताच ती म्हणाली, "विमले, उद्या भटजींना बोलाव. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, तो देऊ." विमला भिंतीला टेकली आणि मोठ्यानं रडली. म्हातारीनं तिला रडू दिलं. स्वतः मात्र ताठ उभी राहून म्हणाली, "आणि पुतळा उंच करा म्हणावं. माझा लेक बुटका नव्हता."

क्रिया झाली. शेजारणी कुजबुजू लागल्या तेव्हा हेमावतीनं त्यांना फाटकातूनच सुनावलं, "कुंकू लावायचं की नाही, ते विमला ठरवील. तुम्ही आपल्या आमट्या सांभाळा."

स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. वेगात मी पहिली होते, पण तेल जरा जास्त प्यायले. अजूनही गल्लीत शिरताना माझं इंजिन बंद होतं, आणि समुद्र ऐकू येतो. घरच्यांनी त्याला निरोप दिला, तो आता माझा एकटीचाच. पोरांनी समोर एक लहानशी घंटा बसवली आहे, म्हणजे वाटेतलं माणूस बाजूला होईल.

मित्रांनो, घरातली जुनी मोटार जपा. तिला पुसा, तेलपाणी बघा, चार माणसं बसवून फिरवा. पण गेलेल्या माणसाची वाट बघायला तिला उभी करू नका. ते काम आम्हाला नाकारता येत नाही.