पूजेच्या बाटल्या

नळीतलं पाणी निळं होत होतं—अगदी फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या गणवेशासारखं—आणि अंबुजा ती नळी खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिली, कारण हे पाणी निळं व्हायलाच नको होतं. फॉस्फेट असलं तरच औषध घातल्यावर पाणी निळं होतं. तळ्याचं होतं, पण हे साधं डिस्टिल्ड पाणी, हे कोरं राहायला हवं. फक्त ते तिने विनुताच्या बाटलीत ठेवून पाहिलं होतं. सहज. म्हणजे सहज नव्हे... विनुताच्या बाबतीत ती काहीच सहज करत नसे.

म्हणजे फॉस्फेट बाटलीतच होतं. तळ्यातून आलंच नव्हतं.

आयुधपूजा, दुसरं काय! म्हैसूरमध्ये दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसचालक बसला हार घालतो ते ठीक आहे, पण हे डॉक्टरेटवाले विद्वान सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावतात, फ्रीजला झेंडू बांधतात, जीपसमोर कोहळा फोडतात—अंबुजा त्या दिवशी मुद्दाम घरी राहिली होती—आणि देवापुढे मांडायच्या म्हणून या भक्तांनी ऍसिडने विसळायच्या बाटल्या कपडे धुवायच्या पावडरीने घासल्या असणार. चकचकीत दिसाव्यात म्हणून. पावडरीत फॉस्फेट असतं हे यांनीच पोरांना शिकवायचं! त्याच बाटल्या घेऊन विनुता दसऱ्यानंतर तळ्यावर गेली, फॉस्फेटचे आकडे भसकन वर गेले, आणि तिचे मार्गदर्शक रुद्रस्वामी सर, ज्यांचे मोजे कित्येक वर्षांत तळ्यात भिजलेले नाहीत, डोळे मिटून म्हणाले होते की तळाचा गाळ बोलायला लागला, साठवलेलं फॉस्फेट सोडायला लागला. गाळ कसला बोलतोय, साबण बोलतोय. त्यावर विनुताचा अख्खा प्रबंध उभा, आणि उद्या सगळ्या विभागासमोर तिचं भाषण.

विनुता... तळ्यावर जातानाही वेणीत मोगरा माळणारी, सगळ्यांसाठी डबाभर चित्रान्न आणणारी, आलेखांना गुलाबी चौकट काढणारी. सगळ्यांची लाडकी. आणि मी इथे मान मोडून काम करते, यांच्या चुका निस्तरते, तर मला कोणी सणाला बोलवायचंही विसरून जातं. (बोलावलं होतं, तूच गेली नाहीस... ते राहू दे.) तिने वाक्य तयार केलं. उद्या भाषण संपलं की उठायचं, आवाज चढवायचा नाही, फक्त विचारायचं—विनुता, बाटल्या कशाने धुतल्या होत्या? मग सगळ्यांच्या माना वळतील. ते वाक्य ती सकाळभर तोंडात खडीसाखरेसारखं घोळवत राहिली, आणि इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"अक्का, निळं आलं ना?"

विनुता मागे उभी होती. नळी लपवायला उशीर झाला होता. काय निळं, असं अंबुजाने विचारून पाहिलं. ते तिचं तिलाच बावळट वाटलं.

"आज बाटलीचं झाकण उघडलं तर लिंबाचा वास आला. पावडरीचा," विनुता म्हणाली. डोळे सुजलेले होते, वेणीत आज काही नव्हतं. "रांगेत बघितलं तर माझी एक बाटली कमी. म्हटलं, अक्कांनीच नेली असणार. दुसऱ्या कोणाला सुचणार?"

मग ती घाईघाईने सांगत गेली. उद्याचं भाषण ती रद्द करायला सांगणार होती. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा सगळे नमुने घ्यायचे, म्हणजे वर्ष गेलं. सासरे हासनहून ऐकायला निघालेत, त्यांना काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं. हे सगळं ती रडून नव्हे, तर हिशेब केल्यासारखं सांगत होती, आणि अंबुजाला त्याचाच राग येत होता.

"फक्त सरांना मला सांगू द्या, अक्का. तुमच्या तोंडून गेलं तर चोरी पकडल्यासारखं होईल. माझ्या तोंडून गेलं तर नुसती चूक."

अंबुजाने मान हलवली. होकारार्थी की कशी, ते तिलाही सांगता आलं नसतं. विनुता तोंडावर पाणी मारून येते म्हणून बाहेर गेली... आणि ते वाक्य, सकाळभर घोळवलेलं, एकदम बेचव झालं. उद्या विचारायला काही उरलंच नव्हतं. आज मात्र सरांना सांगायला होतं. आत्ता, ती परत येण्याआधी.

तेवढ्यात रुद्रस्वामी सरांनीच खोलीतून हाक मारली. ती आत गेली. ते उद्याच्या भाषणाच्या निमंत्रणावरची नावं बघत होते, मान वर न करता म्हणाले, "विनुताचे आकडे तू एकदा बघितलेस ना गं? ठीक आहेत ना? तू बघितलंस की मला काळजी नसते."

काळजी नसते. म्हणजे या माणसाचा, ज्याची ती रोज मनात टिंगल करत होती, आपल्यावर भरवसा होता. आणि तो हा असा, नको त्या वेळी कळावा. एखाद्याला तुच्छ मानायचं तर तो आपल्या खाली असावा लागतो. विनुताला तिने खाली शोधलं, ती तिथे नव्हती. सरही नव्हते. तिथे दुसरं कोणीतरी होतं, आणि त्याच्याकडे बघायची अंबुजाची तयारी नव्हती.

"काय गं?" सरांनी मान वर केली.

बाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला. बाटल्यांचं सगळं सांगून टाकायला दोन वाक्यं पुरली असती, किंवा "विनुता सांगेल" एवढंच. अंबुजाने तोंड उघडलं. यातलं काय बाहेर पडणार हे तिला खरंच माहीत नव्हतं, आणि तिला स्वतःची भीती वाटली.