नदीपल्याडची हाळी

गुणमालानं चुलीत काटक्या रचल्या, काडेपेटी हातात घेतली आणि पुन्हा फळीवर ठेवून दिली. पेटवून करायचं काय? बाहेर ओसरीवर तिचे सासरे, भूपालअण्णा, नदीकडं तोंड करून बसले होते. पल्याडच्या बाभळींवर पिवळं ऊन पडलं होतं आणि कृष्णेचं पाणी हलतंय की थांबलंय हेही कळत नव्हतं.

अण्णांचा नेम साधा, पण भारी हट्टी. संध्याकाळी आधी पाहुणा जेवणार, मग अण्णा. आणि घर जैनाचं, त्यामुळं तेही दिवस बुडायच्या आत. नाव चालायची तोवर या नेमाचं कुणाला ओझं नव्हतं. अण्णांच्या आजोबांनी घाटावर ही खाणावळ घातली तेव्हापासून पाहुण्यांना खंड नव्हता. हळदीचे व्यापारी, सुट्टीवर घरी निघालेले शिपाई, मेंढरं घेऊन आलेले धनगर. नावेत बसायच्या आधी ते पल्याडनं हाळी द्यायचे, की अण्णा, पाच माणसं! अण्णा इकडनं ओरडायचे, या, चूल पेटलीय! नाव काठाला लागेपर्यंत भाकऱ्या टोपलीत. पाहुणा पाटावर बसला की अण्णा आधी त्याचं गाव विचारायचे. मग तो गावाचं सांगत राहायचा आणि अण्णा वाढत राहायचे.

पुढं वरच्या अंगाला पूल झाला. गाड्या भुर्रकन निघून जायला लागल्या आणि नाव काठावर पालथी पडली. चुकूनमाकून कुणी यायचं, तेही अलीकडं बंद झालं होतं. अण्णा सकाळी दूध-भाकरी खायचे आणि संध्याकाळी पाणी पिऊन गप पडायचे. परवा घाटाच्या पायरीवर भोवळ येऊन बसले. संध्याकाळची गोळी जेवल्याशिवाय घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता जेवणच नाही तर गोळी कुठली! साताऱ्याला कारखान्यात असलेला तिचा नवरा, विश्वजीत, फोनवर वैतागला. रविवारी येतो, खाणावळीला कुलूप घालतो आणि अण्णांना इकडंच आणतो, म्हणाला. नदी सुटली की अण्णा संपले, हे गुणमालाला दिसत होतं. पण न जेवताही ते संपतच होते.

तिनं काय कमी उपाय केले? शेजारच्या सयाजीला जेवायला बोलावून आणलं, तर अण्णांनी त्याला तुझ्या घरी चूल न्हाई व्हय रं, असं विचारून चहावर वाटेला लावलं. शेजारी म्हणजे पाहुणा नव्हे. पाहुणा नदीपल्याडनं येतो, एवढं बोलून ते परत पाण्याकडं बघत बसले.

आज तिनं दारातनं त्यांची पाठ बघितली. सदऱ्याची कॉलर मानेला मोठी झाली होती. पदर खोचून ती मागल्या दारानं निघाली, पूल ओलांडला आणि पल्याडच्या जुन्या घाटावर उतरली.

लग्न झाल्यावर ती याच घाटावर नावेत बसली होती. जतकडची पोर, टँकरच्या पाण्यावर वाढलेली. एवढं पाणी बघून तिनं नावेची कड घट्ट धरून ठेवली होती. नावाड्यानं हाळी दिली होती, अण्णा, वऱ्हाड! काठावर उतरली ती थेट चुलीपुढं गेली, आणि सगळ्यांच्या मागनं जेवायचं हे न ठरवताच ठरून गेलं.

पल्याड अण्णा मुठीएवढे दिसत होते. तिनं तोंडाशी हात नेले, पण आवाज फुटेना. सासऱ्यांपुढं कधी आवाज चढवला नव्हता आणि आता आरडायचं म्हणजे! तिला हसू आलं आणि रडूही. पाहुणा कुठनं आणायचा, हे तर तिनं ठरवलंच नव्हतं. शेवटी घसा जाड करून ती ओरडली,

"अण्णा! एक माणूस!"

पाण्यावरनं आवाज गेला. बराच वेळ नुसतं पाणी. मग पल्याड अण्णा उठून उभे राहिले.

"या! चूल पेटलीय!"

एवढा खणखणीत आवाज तिनं कैक दिवसांत ऐकला नव्हता. ती धावतच परत निघाली. खोटं बोलून बसले बाई, आता दाखवू काय? पुलावर तिनं एका दुचाकीवाल्याला हात केला, जेवून जा म्हणाली. तो तिच्याकडं चमकून बघत निघून गेला. तेवढ्यात तिला खाणावळीच्या कौलांवर धूर दिसला. चूल तर तिनं पेटवलीच नव्हती.

ओसरीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. आत पाट मांडलेला, ताट वाढलेलं. भाकरी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला करपलेली. अण्णांचा सदरा पिठानं माखला होता.

"अण्णा, ते पावणं..." तिनं सुरुवात केली.

"आधी पाय धुवा. दिवस बुडतोय."

धुवा! गुणमाला जागच्या जागी थांबली.

"अण्णा, हाळी मीच..."

"पल्याडनं आली. ऐकली की मी. बसा."

ती बसली. अण्णा दह्याचं भांडं घेऊन वाकले तशी ती उठायला लागली, पण त्यांनी हातानंच तिला बसवलं. आणि सगळ्यांना विचारायचे तसंच विचारलं,

"गाव कंचं?"

सासरी आल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. घास हातातच राहिला. डोळे भरून आले ते तिनं पुसले नाहीत.

"जतकडचं," ती म्हणाली. "तिकडं नदी न्हाई, अण्णा."

"मग पाणी कुठनं आणता?"

ती सांगत राहिली आणि अण्णा वाढत राहिले. तिचं जेवण झालं तेव्हा पल्याडच्या बाभळींच्या शेंड्यांवर अजून थोडं ऊन होतं. हात धुऊन तिनं अण्णांचा पाट मांडला, शेजारी गोळी ठेवली. अण्णांनी भाकरी मोडली.

"उद्या हाळी जरा लवकर द्या," ते म्हणाले. "भाकरी थापायला आता येळ लागतोय."