वाळूवरची नेमणूक

अंबडच्या आमच्या कारखान्यात रिसेप्शनमध्ये समुद्र आहे. चार फुटी काचेची टाकी, पाकिटातलं मीठ घालून केलेलं खारं पाणी, मऊ प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि तळाला पांढरी वाळू. मालक वाल्मीकशेठ मूळचे देवळ्याचे, कांद्याच्या व्यापारातून व्हॉल्व्हच्या धंद्यात आलेले. कामगारांच्या पाण्याचा कूलर दोन वर्षं बंद आहे, पण समुद्राला चोवीस तास थंडावा मिळतो.

मी राकेश, स्टोअरचा क्लार्क. अकरा महिने काम, एक महिना ब्रेक, परत अकरा महिने, असं सहा वर्षं चाललंय. वडिलांना मी पर्मनंट झालो म्हणून सांगून बसलोय. त्यामुळे ब्रेकच्या महिन्यातही रोज आठला डबा घेऊन निघतो आणि पंचवटीत घाटावर बसून तो खातो. बायकोला, अंजलीला, सगळं ठाऊक आहे. ती डब्यात एक पोळी जास्त घालते आणि काही बोलत नाही. तिनं बोललेलं मला परवडलं असतं.

तर यंदा ती पांढरी वाळू तपकिरी पडली, आणि तीन महिन्यांनी जर्मनीचे पाहुणे यायचे होते. शेठनी मला बोलावलं.

"राकेश, वाळू साफ करणारे प्राणी मिळतात म्हणे. नीट निवड. पाहुण्यांपुढं वाळू पांढरीशुभ्र दिसली ना, तर तू पर्मनंट."

मी आठवडाभर दुसरं काहीच वाचलं नाही. दहावीलाही एवढा अभ्यास केला नव्हता. मग कॉलेज रोडला रुद्रचं माशांचं दुकान गाठलं. रुद्र मोजकं बोलतो आणि गिऱ्हाइकाला नको ते विकत नाही. दुकान लहान राहिलंय ते त्यामुळेच.

तो म्हणाला, "वाळूत पुरून राहणाऱ्या गोगलगायी घ्या दहा-बारा, आणि एक जिवंत शंख. काम हळूहळू करतात, पण वर्षानुवर्षं टिकतात."

मी यादी केली आणि शनिवारी शेठना दुकानात आणलं. वाळू गिळून साफ करणाऱ्या समुद्रकाकडीचं नाव यादीत सगळ्यात वर होतं, पण तिला कायद्याचं संरक्षण आहे असं रुद्रनं सांगताच शेठनी ती खोडली. ज्याला कायदा लागू होतो असं काही त्यांना आवारात चालत नाही.

मग ते गोगलगायींच्या टाकीपुढं खुर्ची टाकून बसले. कांद्याच्या चाळीत निवडणाऱ्या बायकांसमोर ते असेच बसत, हे ते स्वतःच अभिमानानं सांगतात. पाच मिनिटं गेली. वाळू जागची हलली नाही.

"काम कुठं दिसतंय? मला तर नुसती वाळू दिसती."

"आतून चालू असतं, शेठ," रुद्र म्हणाला आणि त्यानं कोळंबीचा तुकडा पाण्यात सोडला. सोंडा वर काढत गोगलगायी भराभर बाहेर आल्या.

"बघ. खायच्या टायमाला सगळे हजर," शेठ म्हणाले. "आपल्याकडं असे लय हायेत."

शेजारच्या टाकीत एक गोबी मासा होता. तोंडभर वाळू घ्यायची, चाळायची, कल्ल्यांतून सोडायची, परत तोंड भरायचं, असं त्याचं अखंड चालू होतं. खाली एक तारामासा वाळू नांगरत फिरत होता. शेठचा चेहरा उजळला.

"हे कामाचे."

"वाळूतले बारीक जीव खाऊन जगतात ते," रुद्र म्हणाला. "तुमच्या टाकीत तेवढे जीव नाहीत. ते संपले की वाळू पांढरी होईल, पण हे उपाशी मरतील."

"किती दिवसांनी?"

"तीन-चार महिने."

"मग झालं की. आपलं काम तीन महिन्यांचंच हे."

रुद्रनं माझ्याकडं पाहिलं. अभ्यास माझा होता, एक वाक्य बोलायला हवं होतं. मी खिशातला कागद काढला, गोगलगायी खोडल्या, गोबी आणि तारामासा लिहिले, खाली 'योग्य निवड' लिहून सही केली. मला स्वतःची चीड येते ती याच सहीपायी.

वाळू खरंच पांढरी झाली. दोन महिन्यांत गोबीचं पोट आत गेलं. मी कोळंबी मागितली, तर शेठ म्हणाले, "वाळू साफ करायला ठेवलाय ना? वरून डबा कशाला?" मग मी घरून आणून गुपचूप टाकू लागलो. तारामाशाला ते पुरलं नाही. त्याच्या भुजा टोकांपासून झडत गेल्या आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी त्याला चिमट्यानं बाहेर काढलं. पाहुण्यांनी वाळूची तारीफ केली. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला.

सोमवारी माझ्या टेबलावर पाकीट होतं. ब्रेकचं पत्र, आणि या वेळी परत कधी यायचं ती तारीख रिकामी. मी केबिनमध्ये गेलो.

"शेठ, पर्मनंटचं बोलला होतात."

"बोललो होतो ना. पण वाळू झाली आता साफ," शेठ शांतपणे म्हणाले. "तुला ठेवून करायचं काय? जाताना त्या नव्या पिंकीला स्टोअर समजावून दे."

पिंकी माझ्याच खुर्चीत बसली होती, नवी ओढणी, पुढ्यात अकरा महिन्यांचा करार.

"दादा, इथं पर्मनंट करतात का?"

"नाही," मी म्हणालो. "सहा वर्षं झाली मला. कुणालाच करत नाहीत."

तिनं मान डोलावली, करार शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याकडं पेन मागितलं. मी दिलं.