तोरूची दाढ

जिपारने घोड्याच्या मानेतल्या शिरेवर अंगठा दाबून धरला. शीर दोरीसारखी वर आली, तशी सुई आत सरकवून तिने औषध अगदी सावकाश ढकललं. तोरूने फक्त कान हलवले. नाल ठोकायच्या लाकडी चौकटीत तो चारी बाजूंनी अडकून उभा होता.

"झालं?" तुर्दाकूनकाकांनी विचारलं.

"आता थांबायचं."

"आमच्या वेळी ओठाला दोरीचा पीळ दिला की घोडा गप्प. शहरात जाऊन शिकलीस काय, तर वाट बघायला!"

"हळू बोला, काका. त्याला सगळं ऐकू येतं."

"मग झोपून उपयोग काय?"

"झोपलेला नाही तो. अचानक हात लावलात तर अजूनही लाथ मारेल, आणि नेमकी मारेल." तिने त्याच्या कानांत कापूस बसवला. "कळतं सगळं. फक्त निघून जाता येत नाही."

तोरूची मान हळूहळू खाली आली, खालचा ओठ लोंबला. मागचे पाय जरा फाकवून त्याने तोल सावरला. जिपारचे वडील गेले तेव्हा दुखवट्याची खूण म्हणून तोरूची आयाळ कापली होती. ती आता वीतभर वाढून ताठ उभी होती. तेव्हापासून त्याच्या पाठीवर कुणी बसलं नव्हतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला तो कापून पाहुण्यांना वाढायचा, म्हणजे वडिलांना, असनालीला, परलोकात बसायला स्वतःचा घोडा मिळेल. हे घरात कुणी ठरवलं नव्हतं. ते ठरलेलंच होतं.

पण जेवण जवळ आलं आणि तोरू चघळलेल्या गवताचे बोळे तोंडातून टाकायला लागला. काकांनी तिला नारिन शहरात फोन केला. "येऊन जा, पोरी. पाहुण्यांपुढे काय हाडं वाढायची?" ती लगेच हो म्हणाली होती. आपण त्याला कशासाठी बरं करायला निघालोय, हे तिला खिंड ओलांडताना कळलं. मागे फिरावं तर तो ठणकत्या दाढेने उपाशी उभा. जावं तर तो खाणार, अंगावर चरबी धरणार. ती गाडीची काच खाली करून थंडगार वारा तोंडावर घेत बसली होती.

"आणि हे औषध मांसात उतरत नाही ना?"

"जेवणाच्या आत निघून जाईल."

"मग हरकत नाही."

तिने जबड्याजवळ बधिर करणारी सुई टोचली, तोंड उघडं राहावं म्हणून लोखंडी पकड बसवली. काकांनी डोकं खांद्यावर तोलून धरलं. ती कोपरापर्यंत हात आत घालून चिमट्याने दाढ हलवत राहिली. थोडं इकडे, थोडं तिकडे, घाई न करता. काका एकदा म्हणाले, "अगं, झाड उपटतेस का दात?" पण कुजबुजत म्हणाले. शेवटी आतून चिखलातून बूट निघावा तसा आवाज झाला. दाढ लांबलचक होती, उभी चिरलेली, आणि तिला घाण वास येत होता.

"एवढं घेऊन उभा होता होय हा!" काकांनी अंगठ्याने तोरूचं कपाळ चोळलं.

जिपारने हात धुतले आणि पेटीतून बाटली काढून दुसरी सुई भरली.

"हे आणि कशाचं?"

"दुखणं कमी व्हायचं."

"हे किती दिवसांत निघतं?"

काही दिवसांत अंगातून जाणारं औषधही पेटीत होतं. तिचा हात त्याच्याकडे गेला नव्हता.

"हे दिलेला घोडा खात नाहीत, काका. कधीच नाही."

कपाळावरचा अंगठा थांबला. घरात काकूंच्या भांड्यांचा आवाज चालू होता.

"तुझा बाप पायी जाईल, पोरी."

सुई तिच्या मुठीत कोमट झाली होती. ते नको म्हणाले असते तर तिला ती खाली ठेवावी लागली असती. वडिलांमागे या घरात शब्द त्यांचाच होता. तोरूने लांब श्वास सोडला. त्याच्या ओठातून लाळेची लाल तार जमिनीपर्यंत लोंबली आणि तुटली.

"चढ लागला की तुझा बाप खाली उतरायचाच," काका म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "लगाम हातात धरून पुढे. घोड्याला दम लागतो म्हणे. मी आपला खोगिरात बसलेलो, आणि हा गाढव चालतोय, वरपर्यंत चालतोय."

मग त्यांनी दोन्ही हातांनी ते जड डोकं उचललं आणि मान तिच्या बाजूला वळवून धरली.